जो बोलला त्याची जमीन

१२ एप्रिल, शनिवार

ह्यूस्टनच्या माझ्या मराठी माणसांनो, तुमचं-माझं दुखणं एकच आहे. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं आपण तेलाच्या आणि वायूच्या कंपन्यांना दिली. समुद्राच्या पोटात काय आहे ते आपण सांगितलं, पाइप कुठून न्यायचा ते आपण ठरवलं. मग एका शुक्रवारी दुपारी एचआरमधली कोणी पोरगी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली आणि म्हणाली, बॅज इथे ठेवा. आपल्याला कोणी विचारलं का? ज्याने काम केलं त्याला विचारायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम आहे!

जमतंय. सुरुवात हीच ठेवायची. मंडळाचा महाराष्ट्र दिन यंदा दहा मेला आहे, कारण हॉल तेव्हाच मिळाला. सेक्रेटरी शंतनूने फोन केला, "शशीकाका, यंदा तुमचंच भाषण. पण चाळीस मिनिटं हं. मागच्या वेळी बटाटेवडे गार झाले." मी विषय सांगून टाकला: 'श्रीमंत बेट, गरीब माणसं'. पापुआ न्यू गिनी. जमिनीखाली सोनं, तांबं, वायू. आणि जमिनीवर दवाखान्यात गोळी नाही. असं का होतं यावर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत. शिवाय मी तिथे गेलो आहे. दोन हजार बाराला कंपनीने मला मातारो बेटावर अकरा आठवडे पाठवलं होतं, कुठली जमीन कोणत्या कुळाची याची यादी करायला. त्या देशात आठशेवर भाषा आणि बहुतेक जमीन कुळांच्या परंपरेने चालणारी. ना नकाशा, ना कागद. गोरे सल्लागार डोकं धरून बसले होते. मी राजुऱ्याच्या तलाठ्याचा मुलगा. सातबारा बघत वाढलो. एका संध्याकाळी बसून फॉर्म आखला: गट, क्षेत्र, धारकाचं नाव, वारस. सगळे बघत राहिले. त्याच यादीवर पुढे कंपनीचा वायूचा प्लांट उभा राहिला.

अनिकाचा फोन आला. कोणी पाहुणी येणार आहे, तीन-चार आठवडे आपल्याकडे राहील. तिच्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही म्हणे. पोरगी वकील झाली पण घर अजून एका खोलीचं.

१४ एप्रिल, सोमवार

परीक्षितबरोबर थाळी खाल्ली. नागपूरच्या या पोराची मुलाखत मी घेतली होती, मी त्याला इथे आणलं. मला काढल्यावर तो चढत गेला, आता व्हाइस प्रेसिडेंट आहे. तरी अजून 'सर' म्हणतो.

"सर, तुमचं बरंय. मस्त पुस्तकं वाचता, भाषणं देता. आम्ही इकडे कागदांत मरतोय यार."

मग त्याने एक कागद काढला. प्लांटचा दुसरा टप्पा येतोय. एक जूनला जमिनीची यादी वीस वर्षांसाठी कायम होणार. त्याआधी ज्याने यादी केली त्याचं, म्हणजे माझं, एक पानी प्रतिज्ञापत्र हवं: 'ही यादी स्थानिक परंपरेनुसार आणि सर्व हक्कदारांना विचारून केलेली आहे.'

"फॉर्मॅलिटी आहे, सर."

खरं सांगायचं तर छान वाटलं. तेरा वर्षांनी कोणाला तरी माझ्या सहीची गरज पडली. मी म्हणालो, मी ही सही दहा मेला स्टेजवर करतो, सगळ्यांसमोर. तो हसला. "सर, तुम्ही म्हणजे ना! करा, पण तीस मेच्या आत माझ्या टेबलावर पाहिजे."

१८ एप्रिल, शुक्रवार

पाहुणी आली, आणि योगायोग असा की ती मातारोची आहे! मी अनिकाला म्हणालो, अगं आधी सांगायचं ना. ती म्हणाली, "बाबा, आय वॉन्टेड यू टु मीट हर फर्स्ट." या मुलीचं कधी कळत नाही.

नाव रूथ. पंचावन्नच्या आसपास असेल, केस निम्मे पांढरे. दोऱ्याची विणलेली मोठी पिशवी, तिचा पट्टा कपाळावरून मागे घेतलेला. विमानतळावर मी मातारोबद्दल, तिथल्या लोकांच्या पाहुणचाराबद्दल बोलत राहिलो, सामान येईपर्यंत. ती 'येस', 'नो' एवढंच म्हणाली. बोलायची सवय नसावी. शिक्षण पोचलं नाही त्याचा हा परिणाम. भाषणात हे घालावं का? नाव न घेता.

२० एप्रिल, रविवार

रूथला साधनसंपत्तीचा शाप समजावून सांगितला. दीड तास झाला असेल. जमिनीतून आयता पैसा येऊ लागला की सरकारला लोकांची गरज उरत नाही. कर नको, म्हणून जाब नको. मग राजधानीत काचेच्या इमारती उठतात आणि खेड्यात नळ येत नाही. आमच्या चंद्रपूरचं उदाहरण दिलं: कोळसा आमचा, राख आमच्या छतावर, आणि वीज मुंबई-पुण्याला; आम्ही परीक्षेचा अभ्यास कंदिलावर केला. ती माझ्या बायकोबरोबर, विनीताबरोबर, मटार सोलत होती. मटार संपले तरी मी बोलत होतो.

ती म्हणाली, आमच्याकडेही विजेचे खांब नाहीत, पण प्लांटची ज्वाळा रात्रभर जळते. कोंबड्यांना झोपायची वेळ कळत नाही.

कोंबड्यांचं वाक्य टिपून ठेवलं. टाळ्या मिळतील.

शेवटी तिने एकच प्रश्न विचारला. "ती यादी तुम्ही लिहिलीत?"

हो, म्हणालो. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. एखाद्या माणसाच्या कामाची कदर एवढ्या लांबून यावी, याचं मला भरून आलं.

२३ एप्रिल, बुधवार

रूथ तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती. विनीताने सांगितलं. 'शिक्षण पोचलं नाही' हे भाषणातून काढलं.

विनीताने आणखी एक सांगितलं. "अहो, तिची जमीन तिच्या आईकडून आलीय. त्यांच्याकडे आईकडूनच येते. आईची मुलीला, तिच्या मुलीला."

"असेल. काही बेटांवर असतं तसं."

"मग तुमच्या यादीत तिचं नाव कुठे आहे?"

जुनी फाइल उघडली. तिच्या कुळाचा गट सतरा. धारक: जोनास. रूथचा भाऊ. रूथचं नाव नाही. तिच्या आईचं नाही. सगळी यादी वर-खाली केली. चौऱ्याहत्तर गट, एकाही बाईचं नाव नाही. मी म्हणालो, भाऊ आहे की, घरातलाच माणूस. एक नाव लावायचं असतं, कर्त्याचं.

विनीता म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचंच," आणि डबे पुसायला लागली.

यात एवढं पुसायला काय होतं कळलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज रूथ बोलली. मागच्या अंगणात पंखा लावून बसलो होतो. सकाळचे नऊ आणि हवा आत्ताच ओल्या टॉवेलसारखी. मी तिला विचारलं, दोन हजार बाराला मी आलो तेव्हा तू गावातच होतीस?

"होते ना. तुमच्यासाठी अळकुड्या मीच भाजल्या. तुम्ही तीन खाल्ल्या."

मला अळकुड्या आठवतात. तिचा चेहरा आठवत नाही. जोनास आठवतो: उंच, हातात कोरलेली काठी, आवाज असा की समुद्राने गप्प बसावं. आमची लगेच गट्टी जमली होती. दोन वक्ते भेटले की जमतेच.

तिने जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण माझं डोकं जागेवर नाही.

ती म्हणाली, "तुम्ही डबाबंद मासळीच्या खोक्यावर उभे राहिलात. छान बोललात. मग म्हणालात, या जमिनीच्या वतीने जो बोलणार असेल त्याने पुढे यावं. जोनास पुढे आला. तुम्ही त्याचं नाव लिहिलंत."

"बरोबर. मग?"

"आमच्याकडे जिची जमीन, ती तिच्याबद्दल बोलत नाही. ते हलकं दिसतं. तिचा भाऊ बोलतो, नाहीतर बहिणीचा मुलगा. ती मागे बसते. तो चुकला तर ती उठून त्याच्या हाताला हात लावते, आणि त्याने थांबायचं असतं."

मी विचारलं, "म्हणजे बोलणारा मालक नसतो?"

ती हसली. पहिल्यांदाच. "बोलणारा नोकर असतो."

मी पन्नास वर्षं बोलतोय. कॉलेजच्या वादविवादापासून.

२८ एप्रिल, सोमवार

मुद्दे.

एक: त्यांनी तेव्हाच का सांगितलं नाही? रूथला विचारलं. म्हणाली, "तुम्ही विचारलं कोण बोलणार. आम्ही खरं उत्तर दिलं."

दोन: यादी मी गावात जाहीर वाचून दाखवली होती. कोणी हरकत घेतली नाही. ती म्हणाली, "जोनास जिवंत होता. जोनासचं नाव म्हणजे माझंच. हरकत कशाला?"

तीन: मग आता काय बिघडलं?

तिसऱ्याचं उत्तर मी स्वतःच शोधलं आणि शोधलं नसतं तर बरं झालं असतं. जोनास दोन हजार एकोणीसला वारला. धारक गेला की कंपनी त्याच्या मुलांची नावं लावते. जोनासची मुलं जोनासच्या कुळाची नाहीत. ती त्यांच्या आईच्या कुळाची, दुसऱ्या बेटावरची. मातारोच्या जमिनीवर त्यांचा काडीचा हक्क नाही. ती राजधानीत राहतात, एक टॅक्सी चालवतो, एक दुकानात आहे. रूथ म्हणते, वाईट पोरं नाहीत, नाताळला येतात, मला आत्या म्हणतात. कंपनीने दुसऱ्या टप्प्यासाठी संमती मागितली, त्यांनी सही केली. दुसरा टप्पा गट सतरावर आहे. तिथे रूथच्या कुळातल्या अकरा घरांच्या अळकुड्यांच्या बागा आहेत आणि तिच्या आईची कबर आहे. एक जूनला यादी कायम झाली की वीस वर्षं त्याबद्दल कोणाला बोलता येणार नाही.

आणि धारक गेला की मुलांची नावं लावायची, हा नियम कोणी घातला? फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. अक्षर माझं. माझ्या बाबांच्या दप्तरातली वारसनोंद, जशीच्या तशी समुद्रापार.

पण मी मुद्दाम केलं का? नाही. मग दोष कोणाचा? राज्यसंस्थेचा दुबळेपणा, वसाहतवाद, भांडवल... हे सगळं खरं आहे. तरी ते सगळं लिहून झाल्यावर कागदावर माझी सही उरते.

२ मे, शुक्रवार

परीक्षित हापूसची पेटी घेऊन घरी आला. रूथ अंगणात होती. त्याने काचेतून पाहिलं.

"सर, ही मातारोची लेडी? तुमच्याकडे राहते? आर यू सीरियस?"

"अनिकाची पाहुणी आहे."

"अनिकाच्या त्या वकिलांच्या ग्रुपने कंपनीच्या एकवीस मेच्या शेअरहोल्डर मीटिंगला ठराव टाकलाय, माहितीये ना तुम्हाला? ठराव पाच. दुसऱ्या टप्प्याच्या आधी यादी पुन्हा तपासा, बायकांना विचारून. दुसरा टप्पा एक वर्ष जरी अडकला तरी इथली टीम जाणार, सर. साठ माणसं. त्यात आपली किती आहेत? तो प्रथमेश, तुमच्या मंडळात ढोल वाजवतो, त्याचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत बॅगा भरायच्या. तुम्हीच तर सांगता ना, शुक्रवारी खोकं घेऊन येतात म्हणून?"

माझंच वाक्य, माझ्याच घरात, माझ्यावर.

रूथ पाणी प्यायला आत आली. परीक्षित उठून उभा राहिला, 'हॅलो मॅम' म्हणाला, तिला आंबा कापून दिला. संस्कार चांगले आहेत त्याचे. ती आंबा खाता खाता म्हणाली, "तुमची आई आहे?"

"हो, मॅम. नागपूरला असते. पंच्याऐंशी."

"तिच्या वतीने कोण बोलतं? कचेरीत, बँकेत?"

"मीच. एव्हरीथिंग. फोनवरून सगळं मीच बघतो." अभिमानाने सांगितलं त्याने.

"मग तिचं घर तुमचं झालं?"

परीक्षित हसला, आणि मग हसायचा थांबला. म्हणाला, "इट्स कॉम्प्लिकेटेड, मॅम. ताईशी त्यावरून जरा..." वाक्य तिथेच सोडलं, घड्याळ पाहिलं आणि निघाला. आंबे ठेवून गेला, चावी विसरून गेला, पुन्हा आला. शुक्रवारचा ट्रॅफिक डोक्यात असेल.

जाताना दारात म्हणाला, "सर, सही."

५ मे, सोमवार

भाषणाचे मुद्दे काढले. खोडले. पुन्हा काढले.

कपाटातली पुस्तकं सगळी खाली काढून बसलो. कोणी म्हणतं संस्था दुबळ्या, कोणी म्हणतं भाव पडतात, कोणी म्हणतं राज्यकर्ते खातात. सगळं पटतं. पण एकाही पुस्तकात मासळीच्या खोक्यावर उभा राहिलेला माणूस नाही. भला माणूस. कोणाचा एक पैसा न खाल्लेला. तीन अळकुड्या फक्त.

विनीताने विचारलं, "आपल्याकडचे कंपनीचे शेअर कोणाच्या नावावर आहेत?"

"दोघांच्या. माझं आधी."

"हं," म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन बसली. कसलासा फॉर्म भरत होती. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाली, "तुमचं भाषण होऊ द्या."

७ मे, बुधवार

अनिका जेवायला आली. मी जाहीर केलं: मी भाषण देणार नाही. माइक रूथच्या हातात देणार आणि मागे बसणार. मला वाटलं पोरगी मिठी मारेल, आणि तिने मारलीही. "बाबा, दॅट्स ह्यूज. फायनली."

रूथने भात कालवता कालवता मान हलवली. नाही.

अनिका म्हणाली, "रूथ, इट्स युअर स्टोरी."

"ती जमीन आहे, स्टोरी नाही," रूथ म्हणाली. "माझा भाऊ गेला. बहिणीची मुलं बेटावर आहेत, त्यांना व्हिसा मिळाला नाही. मी उठून माझ्याच जमिनीबद्दल बोलले तर गावात म्हणतील, हिच्या बाजूने उभं राहायला एक माणूस नव्हता." मग माझ्याकडे बोट केलं. "यादी यांनी लिहिली. हे बोलतील. मी मागे बसेन."

"बट दॅट्स एग्झॅक्टली द प्रॉब्लेम!" अनिका ओरडलीच. "एक म्हातारा माणूस पुन्हा तुझ्यासाठी बोलणार? इट्स सो बॅड, रूथ. इट लुक्स सो बॅड."

"हे म्हातारे आहेत ते खरं," रूथ म्हणाली. विनीता ठसका लागेपर्यंत हसली. यात एवढं काय होतं?

मी गोंधळलो आहे, हे स्पष्ट लिहितो. आयुष्यभर मला ठाम मतं आहेत; मिठापासून घटनेपर्यंत. आज लेक म्हणते मी बोललो तर जुनी चूक पुन्हा होईल. रूथ म्हणते मी बोललो नाही तर नवी होईल. दोघी बरोबर आहेत असं कसं असेल? आणि प्रथमेशच्या बॅगांचं काय?

मी रूथला विचारलं, "मी चुकलो तर?"

"चुकाल," ती म्हणाली. "म्हणून तर मी मागे आहे."

९ मे, शुक्रवार

प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. त्याऐवजी दीड पान लिहिलं: दोन हजार बारामध्ये मातारो बेटावर मी यादी केली. जमीन कोणाची हे मी विचारलं नाही. कोण बोलणार हे विचारलं, आणि जो बोलला त्याचं नाव धारक म्हणून लिहिलं. जमीन आईकडून मुलीकडे जाते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याइतका मी गप्प बसलो नाही. वारसाचा नियम मी माझ्या गावाहून नेला. चौऱ्याहत्तर गटांची यादी चुकीची असू शकते. गट सतराची चुकीची आहे.

खाली सही. कंपनीला पाठवलं, अनिकाला पाठवलं. पंधरा मिनिटांत परीक्षितचा मेसेज: "सर, हे तुम्ही काय केलंत." प्रश्नचिन्ह नव्हतं. कंपनीची जी थोडीफार सल्लागारी मिळायची तीही आता संपली. विनीताला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, गुरुवारी भाजी आणायला मोकळे."

परीक्षितचा दुसरा मेसेज संध्याकाळी आला. मातारोबद्दल नव्हता. "सर, ज्येष्ठ नागरिकाने मुलाच्या नावावर केलेलं घर परत तिच्या नावावर करता येतं का? तुमच्या ओळखीचा कोणी वकील नागपूरला?" हे मध्येच काय काढलं त्याने? नाव कळवलं.

१० मे, शनिवार

हॉल शाळेचा कॅफेटेरिया. दोनशे माणसं. बटाटेवडे गरम होते तोवर शंतनूने माझं नाव पुकारलं. रूथ स्टेजवर माझ्या मागे, खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन. शेजारी अनिका, माझं मराठी तिला इंग्रजीत सांगायला.

बॅजपासूनच सुरुवात केली. टाळ्या पडल्या. मग मातारो, सोनं, वायू, कोंबड्या. टाळ्या. मग मी माझ्या चुकीवर आलो, आणि मला कबूल केलं पाहिजे, ती चूक मी फार सुंदर सांगू लागलो. वडिलांचं दप्तर, शाईचा वास, एका भल्या माणसाचं समुद्रापार गेलेलं पाप. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी डोळे पुसले. मला आणखी दहा मिनिटं जमली असती.

कोपराला हात लागला.

मी थांबलो. पन्नास वर्षांत भाषण मध्येच कोणी थांबवलं नव्हतं. रूथ हळूच म्हणाली, "हे तुमच्याबद्दल झालं. जमीन."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून प्रथमेश उठला. हातात ढोलाची टिपरी तशीच. "काका, सॉरी, पण दुसरा टप्पा थांबला तर माझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल. बायको प्रेग्नंट आहे. त्याचं काय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

हे वाक्य मी माइकवर कधी उच्चारलं नव्हतं. कसं ऐकू येतं तेही ठाऊक नव्हतं. बारीक ऐकू येतं.

वळून रूथला त्याचा प्रश्न सांगितला. ती जे म्हणाली ते मी माइकवर मराठीत सांगितलं: "ती म्हणते, प्लांट बंद करा असं मी म्हणत नाही. माझ्या दारात या आणि मला विचारा, एवढंच म्हणते. विचारायला वर्ष लागत नाही. तुमच्या कंपनीला वर्ष लागत असेल तर तुझी नोकरी मी घालवत नाहीये."

प्रथमेश बसला. पटलं की नाही ते कळलं नाही. त्याने टाळी वाजवली नाही, आणि तो गेलाही नाही.

रूथचा हात कोपरावर नव्हता. मी वळून पाहिलं. तिने मान हलवली: बोला.

मग मी जे बोललो ते आठवेल तसं उतरवतो.

ह्यूस्टनच्या माझ्या माणसांनो, आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून आपण चिडलो. बरोबर चिडलो. पण कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारा कागद एका बेटावर मी लिहिला, आणि त्या कागदावर चाललेल्या कंपनीचे शेअर या हॉलमधल्या निम्म्या माणसांकडे आहेत. कोणाला नोकरीत मिळाले, कोणी निवृत्तीच्या खात्यात घेतले. प्रत्येक शेअरला एक मत असतं. दर वसंतात ते मत मागणारी ईमेल आपल्याला येते आणि आपण ती न उघडता पुसतो. मीही पुसली, नऊ वर्षं. ठराव जिंकेल असं मी सांगत नाही. जिंकला तरी कंपनीवर तो बंधनकारक नाही, अनिकाने मला तीनदा बजावलंय. पण एकवीस तारखेला मीटिंगमध्ये हजारो मतं मोजली जातील तेव्हा कंपनीला कळेल की ज्यांनी हे प्लांट बांधले तेही विचारताहेत: बाईंना विचारलं का?

भाषणं खूप झाली. माझीच खूप झाली. तुम्ही टाळ्या वाजवू नका. खिशात हात घाला, फोन काढा, ती ईमेल शोधा, आणि वीस मेच्या आत, जमलं तर आत्ता, वडा खायच्या आधी, ठराव क्रमांक पाचसमोर 'होय' असं मत द्या.